शिवेच्या आतला वाघ

१

रतन गभाले आणि अनिरुद्ध परचुरे यांची दोस्ती जमली ती चहामुळे. रोज सकाळी सात वीसला दोघं जिन्यात भेटायचे, गेटबाहेरच्या टपरीवर एकेक चहा घ्यायचे आणि सोसायटीतल्या झाडून सगळ्यांची उणीदुणी काढायचे. मग अनिरुद्ध हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये चढायचा आणि रतन स्कूटरला किक मारून पाटबंधारे खात्याच्या कचेरीकडे वळायचा. रतनच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर अनिरुद्धचं घर. वरून त्याच्या चपलांचा फटफटाट ऐकू आला की रतन दाढी उरकायला घ्यायचा. अकरा वर्षांत यात खंड पडला नव्हता.

रतन महादेव कोळी आहे हे कोथरूडमधल्या त्या चार मजली सोसायटीत कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. हा खास पुणेरी तोडगा दोन्ही बाजूंनी चोख पाळला जात होता. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मात्र त्याच्या तोंडून सहज निघून गेलं.

"आमच्या पाड्यावर वसुबारस नसते रे. वाघबारस असते."

अनिरुद्धने चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे काय करता? वाघाला ओवाळता?"

मग रतनने सांगितलं. हरिश्चंद्रगडाच्या मागल्या अंगाला आंबेघोळ नावाचा त्यांचा पाडा. त्या दिवशी गुराखी रानातल्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, तिथेच दुधाची खीर शिजवतात. मग आपल्यातल्याच एकाला वाघ करायचं. त्याने गुरांवर चालून यायचं, बाकीच्यांनी काठ्या आपटत त्याला हाकलायचं. 'आमच्या गुरांत येशील?' असं तीनदा विचारायचं, 'नाही येणार' असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि गावाच्या शिवेबाहेर घालवून द्यायचं.

"आणि मग?"

"मग काय, खीर खायची." रतन दहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेला होता. खिरीपुढचं त्याला काही आठवत नव्हतं.

अनिरुद्धला कॉलेजात असताना एकांकिकेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं आणि ते त्याने पंचवीस वर्षं कोणाला विसरू दिलं नव्हतं. त्याने टपरीच्या बाकड्यावर हात आपटला. "रतनराव, हे आपल्या सोसायटीत करायचं. वाघ मी होणार."

रतन 'छे, छे' म्हणाला खरा, पण त्या दिवशी स्कूटर चालवताना तो स्वतःशीच हसत होता. कचेरीत त्याने तीनदा कागद काढून त्यावर काय काय लागेल ते लिहिलं.

२

सोसायटीच्या अध्यक्ष विजयमालाबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण घंटा अजून त्यांच्याच हातात होती.

"अहो गभाले, अकरा वर्षं तुम्ही सभेत पाण्याच्या टाकीवर बोललात," त्या म्हणाल्या. "वाघावर बोलता येत होतं, तर आधी का नाही बोललात?"

ही त्यांची परवानगी होती. लगेच अटी आल्या. बुधवारी संध्याकाळी सहा ते सहा वीस, त्यानंतर किल्ले स्पर्धेचा बक्षीस समारंभ. आणि गेटबाहेर कोणी पळायचं नाही. "रस्त्यावर वाहतूक कसली आहे ते बघताय. आपण वाघाचा विमा काढलेला नाही."

"पण बाई, शिवेबाहेर घालवणं हा त्यातला..."

"गेटपर्यंत पळवा. प्रेक्षकांना समजतं."

रतनने मान डोलावली. एवढा आनंदात असलेला माणूस कशालाही मान डोलावतो. त्याची बायको निशा घरी आल्यावर म्हणालीसुद्धा, "अर्धवट करण्यापेक्षा करू नका." पण ती साताऱ्याकडची, तिला काय माहीत, असं म्हणून रतनने विषय मिटवला.

बुधवार उजाडला. रतनने टेकडीवरून स्वतः दगड आणला, शेंदूर लावला, पार्किंगच्या कोपऱ्यात मांडला. निशाने पातेलंभर खीर केली. सोसायटीतली वीस पोरं गळ्यात घंट्या बांधून गुरं झाली. अनिरुद्धच्या बायकोने, शेफालीने, त्याच्या जुन्या पिवळ्या ट्रॅकसूटवर काळे पट्टे रंगवले होते, आणि नाकावर ठिपका काढताना ती एवढी हसत होती की ठिपका गालावर गेला.

सहा वाजता वाघ जिन्यातून उतरला. उत्तेजनार्थ बक्षिसाला शोभेल अशी डरकाळी त्याने फोडली. लोक पोट धरून हसले, गुरं किंचाळत गाड्यांमागे पळाली. रतन काठी आपटत पुढे झाला. छाती भरून आली होती त्याची. आपल्या पाड्याची आरोळी त्याने पस्तीस वर्षांनी ठोकली, आणि ती चार मजल्यांवर आपटून परत आली.

"आमच्या गुरांत येशील?"

"येणार!" वाघ म्हणाला. टाळ्या पडल्या.

"आमच्या गुरांत येशील?"

"येणार, येणार!" वाघाने विजयमालाबाईंच्या खुर्चीकडे पंजा केला. पुन्हा टाळ्या.

तिसऱ्यांदा विचारताना दोघं गेटपाशी पोचले होते. आता अनिरुद्धने 'नाही येणार' म्हणायचं ठरलं होतं. तो काही बोलला नाही. रांगत होता तिथेच थांबला आणि मान वर करून रतनकडे बघत राहिला. वाक्य विसरला, असं रतनला वाटलं. तो पुटपुटला, "नाही येणार म्हण. नाही येणार." अनिरुद्ध बघतच होता.

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. "वेळ संपलेली आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. "वाघाने बसून घ्यावं."

एकच हशा पिकला, आणि वाघाने बसून घेतलं.

पुढे फोटो झाले, बक्षिसं झाली, खीर संपली. लोकांनी रतनचे हात हातात घेऊन दाबले. सोसायटीतली चारही भटकी कुत्री त्या गडबडीत एका मोटारीखाली एकमेकांना चिकटून बसली होती. फटाक्यांनी घाबरली असणार, असं रतन म्हणाला. फटाके अजून कोणी उडवले नव्हते, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं.

३

गुरुवारी धनत्रयोदशी. सकाळी रतन साबण लावून आरशासमोर उभा राहिला आणि वरच्या चपलांची वाट बघू लागला. चपला वाजल्या नाहीत.

आवाज होता, पण वेगळा. काहीतरी जड आणि मऊ एका जागी टेकलं, मग थोडं पुढे टेकलं. पावलं म्हणावीत तर ती दोन-दोनने येतात. हे चार ठिकाणी टेकत होतं, आणि मधल्या वेळात छतातून काहीच ऐकू येत नव्हतं. गालिचा आणला असेल दिवाळीचा, रतनने मनाशी म्हटलं, आणि दाढी करताना हनुवटीवर कापून घेतलं.

सात वीसला जिन्यात कोणी नव्हतं. जिन्यात वास मात्र होता. आंबेमोहोर तांदूळ शिजताना घरभर सुटतो तो वास, ताजा, गोडसर. पहिल्या मजल्यावरच्या बाई दार उघडून विचारत होत्या, "कोणाकडे हो आंबेमोहोर? एवढ्या सकाळी?" दुसरीकडून कोणीतरी ओरडलं, "आमच्याकडे नाही, आम्ही पोहे खातो."

रतन जिन्यातच कठड्याला धरून उभा राहिला. हा वास त्याला ठाऊक होता. लहानपणी बापाबरोबर रानात गेला की एखाद्या झाडापाशी हा वास यायचा, आणि बाप गुरं लगेच दुसऱ्या वाटेने वळवायचा. इथून तो गेलाय, एवढंच म्हणायचा. कोण ते म्हणायचा नाही.

गेटपाशी कंपनी बस दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. वॉचमन जयसिंग केबिनमधून बाहेर आला. तो जवळच्याच एका खेड्यातला, जमीन बिल्डरला गेल्यावर त्याच जमिनीवरच्या इमारतींची राखण करणारा.

"परचुरे साहेबांचं काय बिनसलंय का, साहेब?"

"का रे?"

"पहाटंपासनं तीनदा आले खाली. गेटाच्या रुळापत्तुर येतात, थांबतात अन् माघारी फिरतात. गेट उघडंच हाय, म्हटलं जावा की. तर माझ्याकडं बघितलं नुसतं." जयसिंगने दंडावरून हात फिरवला. "मी केबिनचं दार लावून घेतलं, खोटं कशाला बोलू."

सरकतं गेट ज्या लोखंडी रुळावरून जातं तो रूळ रतनने खाली वाकून बघितला. बुधवारी वाघ बसला होता तो त्याच्या अलीकडे हातभर.

रतनच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो नुसता भीतीचा नव्हता. सोळा वर्षं धरणाच्या भिंतीचे हिशोब करणारा इंजिनियर होता तो. तो स्वतःला म्हणाला, माणूस थकलाय, नोकरीला वैतागलाय, सुट्टी टाकलीय. पण त्याच्या आत दहा वर्षांचा कोणीतरी उड्या मारत होता. आला, तो म्हणत होता. आपण बोलावलं आणि कोथरूडात आला.

४

संध्याकाळी तो वर गेला. शेफालीने दार उघडलं. तिने काल गालावर हसत हसत ठिपका काढला होता हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं.

"बरं झालं आलात, रतनदादा," ती हळू म्हणाली. "तो गॅलरीत आहे."

"बोलतो का?"

"विचारलं तर बोलतो. नीट बोलतो. जेवलासुद्धा. पण सकाळपासून फोन हातात घेतला नाही. मी या खोलीतून त्या खोलीत गेले की मान तेवढी फिरवतो. आणि..." ती थांबली. "दादा, पंधरा वर्षांचं लग्न आहे. आज तो माझ्याकडे बघतो तेव्हा मला वाटतं, मी कोण आहे ते त्याला सांगावं. पटकन सांगावं."

दिवाणखान्यात दिवे नव्हते. गॅलरीच्या दारातून बाहेरच्या आकाशकंदिलाचा तांबडा उजेड फरशीवर पडला होता. नवा गालिचा नव्हता. फरशी उघडी, स्वच्छ पुसलेली होती. अनिरुद्ध खुर्ची असून खाली बसला होता, गुडघे पोटाशी, हात पुढे टेकलेले. अंगावर अजून तोच ट्रॅकसूट होता. गजांमधून तो खाली बघत होता. खाली पोरं किल्ल्यावर पणत्या मांडत होती.

"काय रे, सकाळी चहाला आला नाहीस?"

"नाही आलो." आवाज अनिरुद्धचाच, जरासा बसलेला.

"बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय."

खाली एक पोरगी मैत्रिणींपासून वेगळी होऊन पार्किंगच्या अंधाऱ्या बाजूला काहीतरी आणायला गेली. अनिरुद्धची पाठ, खांद्यापासून कमरेपर्यंत, सगळी एकदम ताणली गेली आणि स्थिर झाली. पोरगी परत उजेडात आली तशी ती सैल पडली. रतनने हे डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मनात म्हणाला, अवघडून बसलाय, पाठीला रग लागली असेल.

तो निघाला तेव्हा शेफाली दारापर्यंत आली. तिने त्याची बाही धरली. "हे तुमच्याकडचं आहे ना? मग तुम्हीच काढा त्याला यातून. मला माझा नवरा परत पाहिजे. बाकी काही नको."

"येईल," रतन म्हणाला. "मी आहे ना."

जिना उतरताना लाइट गेली. सोसायटीचा जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागतं, ते अर्धं मिनिट रतन मधल्या वळणावर कठडा धरून उभा राहिला. वरचं दार उघडल्याचा आवाज आला. मग आंबेमोहोराचा वास आला. त्याच्या डोक्यावरच्या पायऱ्यांवरून काहीतरी गच्चीकडे चढत होतं. जाळीतून येणाऱ्या खालच्या पणत्यांच्या उजेडात त्याला पाठ दिसली. माणूस जिना चढताना डोकं वर-खाली होतं. इथे डोकं एका पातळीत होतं, आणि आधी एक खांदा वर येत होता, मग दुसरा. पाठ बरीच लांब होती. ती वळणापलीकडे जायला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

जनरेटर धडधडला. जिना रिकामा होता. रतन धावत घरी गेला. तो हसत होता.

५

तुळजाबाई म्हणजे रतनची आत्या, आंबेघोळलाच राहणारी. रेंज यायला तिला अंगणातल्या उखळावर चढावं लागे. तिचा आवाज आला आणि रतनला धीरच धरवेना.

"आत्ये, यंदा आम्ही पुण्यात वाघबारस केली. दोनशे माणूस होतं बघायला. आणि आत्ये, तो आला. खरंच आला. वाससुद्धा आला."

पलीकडून तिने एवढंच विचारलं,

"शिवंबाहेर घातला का?"

"नाही, ते... गेटपर्यंतच परवानगी होती."

"परवानगी," तुळजाबाई म्हणाली. "त्याच्या तोंडून नाय म्हणवून घेतलं का?"

"नाही."

"मंग तो गेलाच नाय, रतन. त्याला बोलावला अन् बसायला सांगितलं तुमी." ती रागावली नव्हती, आणि तेच रतनला जास्त लागलं. "ज्याला वाघ केला त्याचं घरचं कोण हाय का?"

"बायको आहे."

"आता ऐक. आत्ताच्या आत्ता त्याला हाकला. नाय येणार म्हणंल तवा शीव वलांडू द्या. मंग त्याच्या घरच्या माणसानं शिवंवर उभं ऱ्हायचं अन् नाव घिऊन हाक मारायची. येकदाच. त्यापुढं नुसती वाट बघायची. माणूस दमून येतं, उशीर लागतो."

"हे मला कधी कोणी सांगितलं नाही."

"तू खीर खायला बसायचा. तुझी आई हुबी ऱ्हायची शिवंवर, तुझ्या चुलत्यासाटी."

"आणि दोनदा मारली हाक तर?"

"आमी येकदाच मारतो," तुळजाबाई म्हणाली आणि रेंज गेली.

आत्ताच्या आत्ता, ती म्हणाली होती. रतनने घड्याळ बघितलं. साडेसात वाजले होते. लोक घरोघरी पूजेला बसलेले. चार माणसंही जमली नसती. उद्या सकाळी नरक चतुर्दशी, दिवाळी पहाटेच्या गाण्याला सगळी सोसायटी खाली असणार. उद्याच करू, नीट करू, सगळ्यांसमोर करू, असं त्याने ठरवलं. निशाला त्याने सांगितलं की वाद्यं, माणसं लागतात. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "शेफालीला एक रात्र काढायचीय त्या घरात, ते लागतं का नाही?" निशाच वर गेली आणि शेफालीला झोपायला खाली घेऊन आली.

छतातून रात्रभर ते जड, मऊ काहीतरी चार ठिकाणी टेकत राहिलं.

६

सकाळी साडेसहाला अंगणात उटण्याचा वास, नव्या कपड्यांची सळसळ, फुटलेली कारिटं, फराळाची ताटं. गायिका पेटीवाल्याकडून सूर घेत होती. रतन सरळ विजयमालाबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, बुधवारचं अर्धं राहिलंय. ते आत्ता करायचंय. आणि गेट उघडं राहील."

"गभाले, गाणं सुरू होतंय."

"गाणं थांबेल. हे थांबणार नाही."

अकरा वर्षांत रतन त्यांच्याशी असा बोलला नव्हता. त्यांनी चष्मा काढला. मग तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. त्यांच्याही जिन्यात तो वास आला असावा, कारण त्या एवढंच म्हणाल्या, "आटपा लवकर."

अनिरुद्धला आणायला जावं लागलं नाही. लोक मागे वळले तर तो जिन्याच्या तोंडाशी उभाच होता, भिंतीला अंग घासत. पोरं आनंदाने ओरडली, "वाघ! वाघ आला!" त्यांच्यासाठी तो खेळच होता. कोणी ताट घेतलं, कोणी चमचा, कोणी पेटीवाल्याची झांज पळवली. रतनने काठी उचलली आणि आरोळी ठोकली. दोनशे माणसांनी ती झेलली. असा दणका त्या अंगणाने कधी ऐकला नव्हता. रतनच्या पायांत लहानपणीचं बळ आलं. तो पुढे सरकला, मागे सगळी सोसायटी ताटं बडवत. वाघ मागे मागे सरकू लागला.

"आमच्या गुरांत येशील?"

उत्तर नाही. ओठ मात्र मागे ओढले गेले.

"आमच्या गुरांत येशील?"

तो गाड्यांच्या मधून बाजूला निसटायला बघत होता. जयसिंगने पत्र्याचा डबा बडवून ती वाट अडवली. आता मागे फक्त उघडं गेट होतं, रूळ होता, आणि त्यापलीकडे रिक्षा आणि बसगाड्या. रतन त्याच्यापासून काठीभर अंतरावर पोचला. इतक्या जवळून त्या डोळ्यांत बघितल्यावर त्याच्या डोक्यातले गालिचे आणि थकवे आणि सुट्ट्या सगळे एकदम विझले.

"आमच्या गुरांत येशील?" त्याचा आवाज फाटला.

"नाही येणार," तो म्हणाला. शांतपणे, स्पष्ट, एखाद्या सभेचं निमंत्रण नाकारावं तसं.

आणि रुळावरून त्याने उडी घेतली. ब्रेक किंचाळले, एक स्कूटर आडवी झाली, कोणीतरी शिवी हासडली. तोवर पिवळा ट्रॅकसूट रस्त्यापलीकडे टेकडीच्या पायवाटेवर बाभळीत शिरला होता. अंगणात जल्लोष झाला. लोकांनी रतनला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. "वा गभाले! काय शेवट केलात!" असं म्हणत ते गाण्याकडे वळले. पेटी सुरू झाली.

७

रुळापाशी तिघंच उरले. रतन, शेफाली आणि जयसिंग.

"एकदाच," रतनने बजावलं. "आणि मग वाट बघायची."

शेफालीने ओढणी खांद्यावरून घट्ट ओढली. रुळावर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली आणि टेकडीकडे तोंड करून हाक मारली. "अनिरुद्ध!"

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाभळी हलत नव्हत्या. मागे दुसरं गाणं सुरू झालं. पंधराव्या मिनिटाला शेफालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती ते पुसतही नव्हती.

"ऐकू गेलं नसेल, दादा. बसचा हॉर्न वाजत होता नेमका. गाणं चालू आहे. कसं ऐकू जाईल?"

रतनने विचार केला. खरंच हॉर्न वाजला होता. अंतर दीडशे मीटर, वारा उलटा, रस्त्याचा गोंगाट. आत्याच्या पाड्यावर असा रस्ता नाही. तिथे एक हाक पुरते. इथे पुरणार नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल. आत्याने कारण काही दिलं नव्हतं. आणि बाई डोळ्यांदेखत मोडत चालली होती, तिला नुसतं उभं कसं ठेवायचं?

"मार," तो म्हणाला. "अजून एक मार."

"अनिरुद्ध!" या वेळी तिचा आवाज टेकडीवर जाऊन आदळला.

मिनिटभरात तो आला. पायवाटेने झपझप उतरला, रस्त्याच्या कडेला थांबून उजवीकडे-डावीकडे बघितलं, एका रिक्षाला हात करून थांबवलं आणि रूळ ओलांडून आत आला. केसांत वाळलेली पानं, चेहऱ्यावर ओशाळं हसू. "काय गं, रडतेस काय?" तो शेफालीला म्हणाला. "रतनराव, तुमच्या नादाला लागून पार दमछाक झाली."

शेफाली त्याच्या गळ्यातच पडली. कोथरूडात भर सकाळी, शेजारपाजाऱ्यांदेखत. जयसिंगने लाजून दुसरीकडे बघितलं. रतनला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. ती दोघं हातात हात घालून जिन्याकडे गेली, आणि त्याला वाटलं, आपण आयुष्यात धरणं बांधली, पण एवढं मोठं काम पहिल्यांदाच केलं.

त्याने लगेच आत्याला फोन लावला.

"आला?" तुळजाबाईने विचारलं.

"आला. चालत आला, हसत आला. बायकोला घेऊन वर गेला."

"देवानं केलं. आता त्याच्या पायाला हळद लावा. फार लागलं असंल. अनवाणी बाभळीतनं येतं माणूस, पाय फुटून जातात. तुझा चुलता तर दोन-दोन दिस उठत नसं."

"नाही आत्ये, तसं काही नाही," रतन हसत म्हणाला. "अनवाणीच होता, पण पायाला खरचटलंसुद्धा नाही."

"हाक किती येळा मारली?" तुळजाबाईने विचारलं.

रतनचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. रस्त्यापलीकडे बाभळीची फांदी हलली. पायवाटेवरून कोणीतरी उतरत होतं, अगदी सावकाश, एक पाय ओढत, मधूनमधून दगडाला धरत. पिवळ्या ट्रॅकसूटच्या पायावरचे काळे पट्टे रक्ताने चिकटून गेले होते. रस्त्याच्या कडेला येऊन तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, श्वास घेतला आणि मान वर केली.

"रतनराव, गेट लावू नका," तो गाड्यांच्या आवाजावरून ओरडला. "पहिल्या हाकेलाच निघालो होतो हो, पण पायच उचलेना. ती पुन्हा हाक मारत होती, तेव्हा म्हणत होतो, अगं येतोय, येतोय." तो रुळाकडे, जयसिंगकडे, मोकळ्या अंगणाकडे बघत होता. "शेफाली कुठे गेली?"

रतनने मागे वळून वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीचं दार कोणीतरी आतून ओढून घेत होतं.